रायनगरला गेलेलं मत: फॉर्म आठ ते ७ मे

ही २०२४ च्या लोकसभा निवडणुकीची, सोलापुरातली गोष्ट. निकाल ४ जूनला लागला, त्याबद्दल इथं काही लिहायचं नाही. फेब्रुवारीपासून आम्ही चार-पाच शेजारणींनी मतदार यादीत नावं शोधली, पत्ते बदलले, म्हाताऱ्या माणसांचे अर्ज भरून दिले. ते करताना कुठं अडलं, कसं सुटलं आणि काय लागलं, एवढं लिहून ठेवतेय. निवडणुका पुढंही लागतच राहतील. तेव्हा कुणाच्या तरी कामाला येईल.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते, पाचवी ते दहावीच्या शिकवण्या घेते. आमच्या घरात मराठी, डाव्या बाजूला तेलुगू, समोर कन्नड. आई विड्या वळते. तिच्या वयाच्या निम्म्या बायका विडीवर आणि त्यांचे नवरे यंत्रमागावर, असा हा सगळा भाग. भाड्याच्या खोल्या, दर दोन-चार वर्षांनी घर बदलायचं. रेशनकार्ड एका पत्त्यावर, गॅस दुसऱ्या, आधार तिसऱ्या आणि मतदान कार्ड कुठल्यातरी जुन्याच पत्त्यावर. यात कुणाला काही वावगं वाटत नाही, कारण निवडणूक येईपर्यंत त्यानं काही अडत नाही.

त्या वर्षी वेगळं झालं ते कुंभारी गावच्या रायनगर वसाहतीमुळं. १९ जानेवारीला पंतप्रधानांच्या हस्ते तिथल्या १५,००० घरांचं लोकार्पण झालं. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कागद-काच-पत्रा वेचणारे, असे सगळे हातावर पोट असलेले लोक शहरातून उठून अक्कलकोट रस्त्यानं तिकडं जायला लागले. माझ्या मावशीलाही घर मिळालं. आता गंमत बघा. राज्याची अंतिम मतदार यादी प्रसिद्ध झाली २३ जानेवारीला, म्हणजे लोकार्पणानंतर चारच दिवसांनी. तिकडं राहायला गेलेल्यांचा नवा पत्ता त्या यादीत येणं शक्यच नव्हतं. सगळ्यांची मतं जुन्या गल्लीत आणि माणसं कुंभारीला.

फेब्रुवारीत मावशी सामान न्यायला आली तेव्हा सहज विचारलं, "मतदान कुठं करणार?" ती म्हणाली, "कुठं म्हणजे? जिथं राहतो तिथं की." मी मोबाईलवर निवडणूक आयोगाच्या साइटवर तिच्या कार्डाचा नंबर टाकला. नाव निघालं, पण शहर मध्य मतदारसंघात, दोन घरं आधीच्या पत्त्यावर. त्या घरमालकानं ते घर कधीच पाडलंय. मावशी त्याच पत्त्यावर २०१९ चं मत देऊन आली होती, कारण तेव्हा शाळा जवळ होती.

इथंच पहिली काम की बात. नाव शोधायचं तर कार्डावरच्या नंबरनं शोधा, नावानं शोधू नका. आमच्याकडची तेलुगू आडनावं देवनागरीत तीन-तीन तऱ्हांनी लिहिलेली असतात. लग्न झालेल्या मुलीच्या नावापुढं कधी वडिलांचं नाव, कधी नवऱ्याचं. नावानं शोधलं की 'नोंद आढळली नाही' येतं आणि बाई म्हणते, "बघ, माझं नाव काढून टाकलंय." कार्डच हरवलं असेल तर जुन्या निवडणुकीत आलेली मतदार चिठ्ठी, नाहीतर शेजाऱ्याचा यादी भाग क्रमांक (एका मतदान केंद्राच्या यादीचा नंबर) शोधायचा. शेजाऱ्याचा भाग कळला की त्या भागाची पीडीएफ यादी उघडून ओळ न् ओळ बघता येते. डोळे दुखतात, पण सापडतं.

पत्ता बदलायला फॉर्म आठ. फॉर्म सहा फक्त पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांसाठी, सात नाव वगळण्यासाठी. आमच्याकडं सगळे जण 'सहा भर, नवीन कार्ड येतंय' असंच सांगत होते, कारण पूर्वी मतदारसंघ बदलला की सहाच भरायला लागायचा. २०२२ पासून ते बदललं. आता मतदारसंघ बदलो, जिल्हा बदलो, राज्य बदलो, फॉर्म आठच, आणि कार्डाचा नंबर तोच राहतो. लग्न होऊन कलबुर्गी, विजयपूरकडून आलेल्या सुनांनाही हाच लागू. त्यातल्या कितीतरी जणींनी लग्नानंतर मत दिलेलंच नव्हतं.

मावशीचा अर्ज मी मोबाईलवरच भरला. अर्जाला पैसे लागत नाहीत. हे मुद्दाम लिहितेय, कारण आमच्या भागात नेट कॅफेत अर्जाला शंभर-शंभर रुपये देऊन लोक येत होते. भरून देणाऱ्याची मजुरी म्हणून त्यानं काही घेतलं तर घेऊ दे, पण 'सरकारी फी' म्हणून सांगितलं की समजायचं. आमचा खर्च झाला तो झेरॉक्सचा, पानाला दोन रुपये, आणि शेअर रिक्षाचा.

खरं अडलं ते पत्त्याच्या पुराव्यावर. अर्जात पुराव्यांची यादी आहे: वीज, पाणी किंवा गॅसचं बिल, आधार, बँकेचं नाहीतर पोस्टाचं पासबुक, पासपोर्ट, नोंदणीकृत भाडेकरार, नोंदणीकृत खरेदीखत. वाचताना भरपूर वाटतं. पण बिल किमान वर्षभराची जोडणी असलेलं हवं. रायनगरला राहायला जाऊन महिना झाला नव्हता, तर वर्षाचं बिल कुठून आणणार? भाडेकरार तर आमच्याकडं कुणी करतच नाही, नोंदणी फार पुढची गोष्ट. आधारावर जुना पत्ता. मावशीचं आधार आधी बदलून घ्यावं म्हणून आम्ही आधार केंद्रात गेलो, तिथंही पत्त्याचाच पुरावा मागितला. शेवटी बँकेत गेलो. घराच्या ताब्याची कागदपत्रं दाखवून पासबुकावर नवा पत्ता छापून घेतला, आणि मग ते पासबुक अर्जाला जोडलं. पुढं आम्ही सगळ्यांना हीच वाट दाखवली. ज्यांचं तेही जमलं नाही त्यांच्यासाठी अर्जात सोय आहे: यादीतलं काहीच नसेल तर दुसरा कुठला कागद जोडा, मग अधिकारी घरी येऊन खात्री करतात. हे लोकांना ठाऊकच नसतं, त्यामुळं 'कागद नाही' म्हणून ते अर्जच करत नाहीत.

मावशीचं बघून तिच्या ओळीतल्या बायका यायला लागल्या. मग इकडच्या गल्लीतल्या. मार्चच्या सुरुवातीला आम्ही ठरवलं की संध्याकाळी शिकवणी सुटल्यावर माझ्याच ओट्यावर बसायचं. वेळ सहा ते आठ, कारण दिवसा बायका कारखान्यात विड्या द्यायला आणि पान-तंबाखू आणायला जातात, घरी आल्यावर चूल. एक टेबल, दोन मोबाईल, स्टेपलर, कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा. संस्था नव्हती, लेटरहेड नव्हतं, पावती पुस्तक तर नव्हतंच.

पहिले काही दिवस प्रत्येकाचा एकच प्रश्न. "अक्का, कुठल्या पक्षाचं करायलाव?" कुठल्याच नाही म्हटलं की माणूस आणखी संशयानं बघायचा. एका काकांनी तर स्पष्टच विचारलं, "मग तुम्हाला यातनं काय मिळतंय?" त्याला उत्तर नव्हतं. त्यांचाही अर्ज भरला, तरी ते पटल्यासारखे काही दिसले नाहीत.

१६ मार्चला निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली. सोलापूरचं मतदान तिसऱ्या टप्प्यात, ७ मे, मंगळवार. आता आपलं टेबल चालतं का, ही धास्ती. निवडणूक शाखेत जाऊन विचारलं. तिथल्या कारकुनानं मान वर न करता सांगितलं, "पक्षाचं नाव नको, चिन्ह नको, उमेदवाराचा फोटो नको. नोंदणीला मदत करताय, करा." लेखी काही दिलं नाही, आम्हीही मागितलं नाही. परत येऊन टेबलाचे नियम केले. टेबलावर पक्षाचं कॅलेंडर नको, पेनसुद्धा नको. पूर्व भागात पक्षाचं नाव नसलेलं पेन शोधून आणावं लागतं, हे तेव्हा कळलं. कोण निवडून येईल यावर ओट्यावर बोलायचं नाही. बोलायचं असेल तर समोरच्या चहाच्या टपरीवर जा.

यात एक नाजूक जागा होती. आमच्यातल्या एकीचा नवरा एका पक्षाचं काम करतो. तो एकदा उमेदवाराच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन आला, "इथं ठेवतो, लोक येतातच तर घेऊन जातील." आम्ही सगळ्या गप्प. तिनंच त्याला सांगितलं, "हितं नाही. तुझं टेबल तू कोपऱ्यावर लाव." त्यानं लावलंही. दोन दिवस घरात अबोला होता म्हणे. तिच्याबद्दल मला तेव्हापासून जरा जास्तच आदर वाटतो.

याच सुमारास शहरात मतदार जनजागृतीच्या रॅल्या सुरू झाल्या. चार हुतात्मा पुतळ्यांपासून निघालेल्या एका फेरीत माझे विद्यार्थीही गेले होते, टोप्या घालून, घोषणा देत. मुलं खूश होती, वाईट काही नाही. पण माझं मत सांगते, नाही पटलं तर सोडून द्या: आमच्या भागात मत न देणाऱ्यांतले बरेच जण आळशी नसतात. त्यांचं नाव दुसरीकडं असतं. 'मतदान करा' हे त्यांना मे महिन्यात सांगून उपयोग नाही, 'यादीत नाव बघा' हे फेब्रुवारीत सांगायला हवं. रॅली निघते तेव्हा यादीची मुदत संपत आलेली असते. सोलापुरात मतदान ६० टक्क्यांच्या आत राहतं म्हणून दरवेळी हळहळ होते. त्या उरलेल्या चाळीसमध्ये जुन्या पत्त्यावर अडकलेले किती, मेलेले पण यादीत राहिलेले किती, हे कुणीतरी मोजायला पाहिजे.

मेलेल्यांवरून आठवलं. फॉर्म सात भरून मयत माणसाचं नाव काढायचं म्हटलं की घरचे तयार होत नाहीत. एक आजी म्हणाल्या, "राहू दे की, कुठंतरी तरी नाव राहतंय त्यांचं." मृत्यूचा दाखला जोडून अर्ज करायचा असतो, एवढं सांगून आम्ही तो विषय सोडून दिला. कुणाच्या घरात शिरून हे करवून घ्यायचं आमचं काम नव्हतं.

आता मुदतीचं. जाहीर झालेल्या कार्यक्रमात मतदार नोंदणीची शेवटची तारीख म्हणून वेगळं काही ठळक छापलेलं नसतं. ती आपण काढायची. उमेदवारी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस घ्यायचा आणि त्यातून दहा दिवस वजा करायचे. कारण अर्ज आला की हरकतीसाठी सात दिवस थांबावं लागतं, आणि उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादी गोठते. आमच्याकडं उमेदवारीची शेवटची तारीख होती १९ एप्रिल. म्हणजे नोंदणी ९ एप्रिलपर्यंत. आणि ९ एप्रिलला गुढीपाडवा! आमच्या भागात तर पाडवाही आणि उगादीही. सणादिवशी कोण येणार अर्ज भरायला? म्हणून आम्ही सगळ्यांना ५ एप्रिल हीच शेवटची तारीख सांगितली. तरी पाडव्याच्या दिवशी दुपारी, उगादीची पच्चडी वाटीत घेऊन, तिघीजणी ओट्यावर हजर. पच्चडी छान होती. अर्जही भरले.

नवीन अठरा वर्षांच्या पोरांचं काम त्या मानानं सोपं. पूर्वी १ जानेवारीला अठरा पूर्ण लागायची, आता वर्षात चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. १ एप्रिलपर्यंत अठरा झालेल्यांना या लोकसभेला मत देता आलं. माझ्याच दहावीच्या जुन्या बॅचमधली पोरं होती, दाखले त्यांच्याकडं तयार. फोटोसाठी मात्र प्रत्येकाला भांग पाडायचा होता, त्यात वेळ गेला.

अर्ज भरला म्हणजे झालं, असं नसतं. अर्जाचा संदर्भ क्रमांक येतो, तो वहीत लिहून ठेवा. आमच्याकडं एक दोनशे पानी वही होती, त्यात नाव, कार्ड नंबर, संदर्भ क्रमांक, कुणाच्या मोबाईलवरून भरला, आणि पुढं सद्यस्थिती. दोन-तीन दिवसांआड साइटवर बघायचं: अर्ज मिळाला, बीएलओकडं (त्या मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडं) गेला, घरी पडताळणी झाली, मंजूर किंवा नामंजूर. मार्चअखेर बघितलं तर रायनगरचे बरेच अर्ज नामंजूर. कारण दिलेलं: पडताळणीवेळी घर बंद.

बायकांचा संताप झाला. "आम्ही काय घरी बसून राहायचं का त्यांची वाट बघत?" खरंच होतं. पान-तंबाखू आणायला आणि विड्या द्यायला त्या सकाळी शहरात येतात, नवरे यंत्रमागावर, पोरं शाळेत. दुपारी दार वाजवलं तर कुलूपच दिसणार. मी कार्यालयात गेले, तिथून दुसऱ्या टेबलावर, तिथून तिसऱ्या इमारतीत. वसाहत नवी, त्यामुळं कुठली ओळ कुठल्या यादी भागात धरायची, यावर दोन टेबलांची दोन उत्तरं. तेव्हा मला रडू यायचं बाकी राहिलं होतं. उन्हानं डोकं दुखायचं ते वेगळंच. शेवटी एका वयस्कर साहेबांनी संबंधित बीएलओचा नंबर काढून दिला.

बीएलओ म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, नाव मोठं. प्रत्यक्षात त्या एक अंगणवाडी सेविका निघाल्या. सकाळी अंगणवाडी, दुपारी पोषण आहाराच्या नोंदी, मग हे. फोनवर आधी त्या वैतागल्याच. मग म्हणाल्या, "मी तरी काय करू ताई, चार वाजता गेले, पाच वाजता गेले, कुलूप. मोबाईल लावला तर तुमचाच नंबर लागतोय सगळ्या अर्जांवर." ते खरं होतं. बायकांकडं स्वतःचा फोन नव्हता, म्हणून अर्जात आमचे नंबर. मग आम्ही दोघींनी मिळून एक रविवार ठरवला. आदल्या दिवशी आम्ही घरोघर सांगून आलो: उद्या सकाळी नऊ ते बारा दाराला कुलूप नको, मूळ कागद हाताशी ठेवा, कार्डावरचं नाव विचारतील तेच सांगा, घरात हाक मारतात ते नको. नामंजूर झालेले अर्ज पुन्हा भरले, यावेळी अर्जावरच भेटायची वेळ आणि शेजारणीचं नाव लिहिलं. त्या रविवारी बीएलओ ताईंनी सकाळभर ओळीच्या ओळी संपवल्या. कुणीतरी त्यांना ताक दिलं, कुणी भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली. नंतर त्यांच्याशी भांडायची वेळ आली नाही.

तुमच्याकडं असं झालं तर आधी बीएलओचा नंबर मिळवा. मतदाराच्या नोंदीसोबत तो साइटवर दिसतो, नाहीतर १९५० वर फोन करून विचारा. त्यांना तक्रारीचा फोन करू नका, वेळ ठरवायला करा.

आणि अर्ज नामंजूर झाला किंवा लटकला तर घाबरू नका. नवा पत्ता मंजूर होईपर्यंत जुन्या जागची नोंद राहते. तिथं जाऊन मत देता येतं. हे आम्ही दहा-दहादा सांगितलं, कारण 'अर्ज केला म्हणजे जुनं नाव गेलं' अशी अफवा फार फिरली.

एप्रिलच्या मध्यावर दुसरं काम निघालं, घरून मतदानाचं. ८५ च्या वरचे आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचा दाखला असलेले लोक घरून मत देऊ शकतात. त्याचा फॉर्म १२ ड. अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत तो द्यावा लागतो. आमच्याकडं अधिसूचना १२ एप्रिलची, म्हणजे १७ पर्यंतच. मधे आंबेडकर जयंती, तीही रविवारी. बीएलओ फॉर्म घेऊन घरी येतात, पण आपण आधी नावं काढून ठेवली तर त्यांचंही काम हलकं होतं.

वयाचा घोळ इथं मजेशीर झाला. शेजारच्या एक आजी स्वतःला नव्वदीच्या सांगतात, गल्लीही मानते. यादीत वय निघालं ८१. "माझ्या लग्नात गांधीबाबा होते की गं," म्हणजे जिवंत होते, असं त्या म्हणत राहिल्या. पण यादीतलं वयच धरतात. त्यांना केंद्रावर जावं लागणार होतं. दुसरे एक आजोबा, अंथरुणाला खिळलेले, यादीतही ८८. त्यांचा अर्ज झाला. मतदानाच्या काही दिवस आधी पथक आलं. दोन मतदान अधिकारी, एक पोलीस, एक व्हिडिओ काढणारा. मतपत्रिकेवर खूण करायच्या वेळी पुठ्ठ्याचा आडोसा केला, कॅमेरा तिकडं नेला नाही. मतपत्रिका छोट्या पाकिटात, ते पाकीट आणि घोषणापत्र मोठ्या पाकिटात, चिकटवून, सही घेऊन. घरातल्या नातवाला बाहेर थांबायला सांगितलं तेव्हा आजोबा पहिल्यांदा हसले. "जा, तुला नाही सांगणार." एक लक्षात ठेवायचं: १२ ड मंजूर झाला की यादीत तशी खूण होते, मग ऐनवेळी विचार बदलून केंद्रावर जाऊन मत देता येत नाही.

उमेदवार ठरल्यावर बायका विचारायला लागल्या, कोण कोण उभं आहे, शिकलेलं कोण आहे. आम्ही सगळ्या उमेदवारांची शपथपत्रं आयोगाच्या साइटवरून उतरवून, झेरॉक्स काढून एका फाईलीत लावली. शिक्षण, मालमत्ता, दाखल गुन्हे, सगळं उमेदवारानं स्वतःच लिहिलेलं असतं. झेरॉक्सचा सगळ्यात मोठा खर्च हाच, काही शपथपत्रं फार जाडजूड. फाईल ओट्यावर ठेवली, वाचून दाखवा म्हटलं तर वाचून दाखवलं, अर्थ सांगितला नाही. मालमत्तेच्या पानावर बायका सगळ्यात जास्त रमायच्या. सोनं किती तोळे हे आधी.

मशीनची भीती मात्र अजून आहे. "बटण दाबलं की त्यांना कळतंय म्हणे." शिकवणीच्या फळ्यावर चित्र काढून दाखवलं: बटण दाबलं की शेजारच्या यंत्राच्या काचेत चिठ्ठी दिसते, नाव आणि चिन्ह, सात सेकंद. मग ती आतल्या पेटीत पडते. हातात येत नाही, मागायची नाही. तुमचं नाव त्या चिठ्ठीवर नसतं. वाट बघा, बीपचा लांब आवाज येईपर्यंत हलू नका. एकीनं विचारलं, कुणीच नको असेल तर? तर शेवटचं बटण, नोटा.

मतदानाच्या आधीच्या आठवड्यात मतदार चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. चिठ्ठीवर केंद्र आणि अनुक्रमांक असतो, पण ती ओळखपत्र म्हणून चालत नाही. मतदान कार्ड नसेल तर आधार, पॅन, लायसन्स, फोटो असलेलं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड, फोटोचं पेन्शनचं कागदपत्र यातलं काहीही एक चालतं. मतदानाच्या दिवशी कामगारांना पगारी सुट्टी द्यायला मालक कायद्यानं बांधलेला आहे, रोजंदारीवाल्यालाही. आम्ही ते कागदावर लिहून ओट्याच्या भिंतीला लावलं. काही कारखान्यांनी दिली, काहींनी 'दोन तास जाऊन या' म्हटलं. विडीवाल्या बायकांची मजुरी तर हजार विड्यांमागं असते, त्यांची सुट्टी म्हणजे काय, हे कुणाला विचारायचं ते कळलं नाही.

७ मे. सातला मतदान सुरू, पावणेसातलाच रांग. ऊन चाळिशीच्या पुढचं, त्यामुळं दहानंतर जायचं नाही असं सगळ्यांना सांगितलेलं. बहुतेकांनी ऐकलं. केंद्रात मोबाईल नेऊ देत नव्हते. फोन घरी ठेवून या म्हणून सांगूनही कितीतरी जणी परत गेल्या, काहींनी गेटवरच्या पाणीवाल्याकडं ठेवले. आम्ही शंभर मीटरच्या बाहेर सावलीत बसलो होतो, वही घेऊन. वाहन ठरवून मतदार आणायचे नाहीत हे आधीच पक्कं केलं होतं. त्यात कुणाचीही कसली शंका नको. ज्यांचे अर्ज राहिले होते त्या रायनगरच्या बायका आपापल्या शेअर रिक्षानं जुन्या शाळेत आल्या, जाऊन-येऊन पन्नास-साठ रुपये मोडून. नव्वदीच्या, म्हणजे ८१ च्या, आजींना नातवानं गाडीवर आणलं, तिथं व्हीलचेअर होती, रांगेत थांबवलं नाही.

एका बाईला आत अडवलं. स्थलांतरित म्हणून तिच्या नावापुढं खूण होती. गैरहजर, स्थलांतरित आणि मयत अशांची एक वेगळी यादी केंद्राध्यक्षांकडं असते. त्यात नाव असलं म्हणून मत जात नाही. ओळखपत्र दाखवून, घोषणापत्रावर सही किंवा अंगठा देऊन मत देता येतं. ती बाहेर येऊन रडायला लागली होती. आम्ही सांगितलं, परत जा आणि केंद्राध्यक्षांनाच विचार. गेली, मत देऊन आली. आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तरी गप्प परत यायचं नाही, प्रदत्त मत मागायचं. वेगळी मतपत्रिका मिळते. आमच्याकडं तशी वेळ आली नाही.

मावशीचं मत नव्या यादीत आलं होतं. तिनं रायनगरजवळच्या केंद्रावर सकाळी सव्वासातला दिलं आणि फोन करून सांगितलं, "झालं. तू जेवलीस का?"

मतदान झालं तरी वहीत बरीच नावं 'प्रलंबित' राहिली. कार्डं स्पीड पोस्टानं यायला लागली, पण पोस्टमनला नवे घरक्रमांक सापडत नव्हते, म्हणून ज्यांचं नाव यादीत आलं त्यांना पोस्टात जाऊन चौकशी करायला सांगितलं. मोबाईल नंबर नोंदीला जोडलेला असेल तर ई-कार्ड उतरवून घेता येतं, तेही चालतं. ज्यांना मुदतीनंतर सुचलं त्यांनी पुढच्या निवडणुकीच्या घोषणेची वाट बघू नका, फॉर्म आठ एरवीही भरता येतो. रायनगरवाल्यांनी आधी पासबुकावर पत्ता बदलून घ्या. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की ओटा पुन्हा मांडायचं आम्ही ठरवलं, आठवड्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ. येताना कार्ड, आधार आणि दोन फोटो आणा. पेन आमच्याकडं आहे, बिनपक्षाचं.